भाजावळीचा विस्तव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाताच्या रोपवाटिकेसाठी शेणाचा थर, त्यावर कवळ, पातेरा व गवत आणि सर्वांत वर बारीक माती अशी रचना करून राब भाजण्याची वहिवाट ठाण्या-रायगडापासून दक्षिण कोकणापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आणि आंबा-काजूच्या बागा वाढल्या तसतसा छाटणीच्या फांद्या, करवंदीची काटेरी जाळी व बेणलेले गवत यांचे ढीग जाळण्याचा प्रघातही तिला येऊन मिळाला आहे. ज्या महिन्यांत हे काम उरकावे लागते त्याच महिन्यांत डोंगरउतारावरचे गवत कोरडेठाक झालेले असते. त्यामुळे एका बांधावरचा विस्तव शेजारच्या कलमांत आणि तेथून जंगलात शिरण्याचे प्रसंग घडतात. अशा प्रसंगांचे खापर आपण वाऱ्यावर किंवा दैवावर फोडतो. वास्तविक त्यांच्या मुळाशी बहुधा पुढीलपैकी एखादी समजूत असते.

गैरसमज : भर दुपारी, वारा सुटल्यावर ढीग पेटवला म्हणजे काम लवकर उरकते.

वस्तुस्थिती : उन्हाळ्यात कोकणपट्टीत सकाळ सरता सरता समुद्राकडून वारा वाहू लागतो आणि दुपारी त्याचा जोर वाढतो. हा वारा पश्चिमेकडून सह्याद्रीच्या दिशेने, म्हणजे पुष्कळ ठिकाणी चढाच्याच दिशेने वाहतो. आणि आग चढावर उतारापेक्षा कितीतरी वेगाने धावते, कारण ज्वाला वरच्या गवताकडे झुकून ते पेटण्यापूर्वीच तापवून व सुकवून ठेवते. साधारण दहा अंशांचा चढ वाढला की आगीचा वेग दुपटीच्या घरात जातो, असा ठोकताळा अग्निशास्त्रात मानला जातो. म्हणून हे काम पहाटेनंतर, हवेत दमटपणा आणि गवतावर थोडी ओल असताना आरंभावे व वारा उठण्यापूर्वी आटोपावे. राब भाजताना विस्तव वाऱ्याच्या खालच्या बाजूने लावण्याची जुन्या शेतकऱ्यांची रीत याच कारणाने शहाणपणाची आहे. वाऱ्याविरुद्ध सरकणारी आग सावकाश जाते, माती नीट भाजते आणि माणसाच्या आवाक्यात राहते.

गैरसमज : सगळा पाला एकाच मोठ्या ढिगात घातला की एकदाच काय ते निभावते.

वस्तुस्थिती : ढीग जितका उंच, तितकी ज्वाला उंच, आणि तितक्याच दूरवर ठिणग्या व जळती पाने उडतात. ढीग लहान पेटवावा आणि उरलेला पाला दूर ठेवून थोडाथोडा आगीत सारावा, म्हणजे आग केव्हा थांबवायची हे आपल्या हाती राहते. घर, गोठा, गवताची गंजी यांच्यापासून निदान पन्नास फूट अंतर सोडावे. विजेच्या तारांखाली किंवा कलमांच्या फांद्यांखाली ढीग रचूच नये. त्याच्या सभोवार दहा फूट रुंदीचा पट्टा मातीचा तळ दिसेपर्यंत साफ करावा. वरवर झाडलेल्या पट्ट्यावरून उरल्यासुरल्या पातेऱ्याच्या आधारे विस्तव अलगद पलीकडे जातो. बरेच दिवस पडून असलेल्या ढिगात साप, सरडे व मुंगूस आश्रयाला असतात. तो जाळण्यापूर्वी लांब काठीने हलवून दुसऱ्या जागी रचावा.

गैरसमज : रॉकेल किंवा पेट्रोल ओतल्याखेरीज ओला पाला पेट घेत नाही.

वस्तुस्थिती : पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे चाळीस अंशांवरही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते, काडी ओढणारा मनुष्य त्या वाफेत उभा असतो, आणि भडका ढिगाचा न होता त्याच्याभोवतीच्या हवेचा होतो. रॉकेलला पस्तीस-चाळीस अंशांची उष्णता लागते, पण उन्हात तापलेल्या कातळावर तीही आयतीच मिळते. धुमसत्या ढिगावर यांपैकी काहीही ओतणे म्हणजे जिवावर बेतणारे साहस होय. पाला आठ-दहा दिवस वाळू द्यावा आणि पेटवण्यासाठी सुका पेंढा व बारीक काटक्या वापराव्यात. ढिगात प्लास्टिक, रबर वा रंगवलेले लाकूड घालू नये. काजूची टरफले आणि बिब्ब्याचे लाकूडही वगळावे, कारण त्यांतील दाहक तेलाचा धूर डोळ्यांना व कातडीला बाधतो.

गैरसमज : ज्वाला शमली म्हणजे आग विझली.

वस्तुस्थिती : राखेखालचा निखारा, जुने खुंट आणि जमिनीतली वाळलेली मुळे दोन-दोन दिवस आतल्या आत धुमसत राहतात, आणि दुपारचा वारा राख उडवून त्यांना पुन्हा मोकळी हवा मिळवून देतो. म्हणून राखेवर पाणी घालावे, खोऱ्याने ती खालीवर करावी, पुन्हा पाणी घालावे, आणि जवळ धरलेल्या हाताला ऊब लागेनाशी होईपर्यंत जागा सोडू नये. पाण्याच्या भरलेल्या घागरी, ओली गोणपाटे, ओल्या डहाळ्या आणि निदान दोन जाणती माणसे ही तजवीज काडी ओढण्यापूर्वीच झालेली असावी.

गैरसमज : आपल्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत आपण काहीही जाळावे, सरकारला त्याच्याशी काय कर्तव्य?

वस्तुस्थिती : भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ अन्वये राखीव वनाला धोका पोहोचेल अशा रीतीने, नियमांविरुद्ध, विस्तव पेटवणे वा पेटता सोडणे हा गुन्हा आहे; आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ अन्वये विस्तवाबाबत इतरांच्या जिवाला धोका होईल असा हलगर्जीपणा करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जंगलालगत भाजावळ असेल तर वनरक्षकाला आणि लगतच्या खातेदारांना आधी वर्दी द्यावी. आग हाताबाहेर जाते असे वाटताच वनविभागाचा १९२६ किंवा आणीबाणीचा ११२ हा क्रमांक फिरवावा. अब्रूच्या भयाने दवडलेला वेळच पुढे सर्वांत महाग पडतो.

गैरसमज : राखेने जमीन सकस होते, म्हणून सर्व पाला जाळणेच हिताचे.

वस्तुस्थिती : राखेतून पालाश व चुना मिळतो, जांभ्या जमिनीची आम्लता थोडी उतरते आणि भाजलेल्या वाफ्यातील तणांचे बी वरच्या थरात मरते, एवढे राबाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे रास्त आहे. मात्र पाल्यातील बहुतेक नत्र व गंधक ज्वालेबरोबर हवेत जातात, आणि जमिनीला ज्या सेंद्रिय द्रव्याची खरी गरज असते तेच जळून जाते. पातेरा कलमांच्या आळ्यांत पसरला तर ओल टिकते. शेणासह खड्ड्यात कुजवला तर खत होते. गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीच्या वेळी शेतात गाडता येतो. अशी विल्हेवाट लावल्यावर जाळण्याजोगे थोडेच उरते : भिरुडाने पोखरलेल्या आंब्याच्या फांद्या, रोठ्याने मारलेले काजूचे खोड, आणि कुजायला वर्षे घेणारी काटेरी जाळी. एवढ्यापुरताच ढीग रचला, तर सकाळच्या शांत हवेत दोन माणसांच्या देखरेखीखाली तो निर्धोक जाळता येतो.