दारू सोडताना पहिले चार दिवस जपा

गटारी आटोपते, श्रावण लागतो आणि अनेक घरांत बाटली महिनाभरासाठी बंद होते. कुणी गळ्यात माळ घालतो, कुणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. संकल्प चांगलाच. अधूनमधून घेणाऱ्याला त्यात काही धोकाही नाही. पण जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, सकाळी हातांची थरथर थांबवायलाही ज्याला घोट लागतो, त्याने एकाएकी दारू बंद केली तर ते जिवावर बेतू शकते.

असे का होते? मेंदूत 'गाबा' नावाचे रसायन शांत करणारे, तर 'ग्लुटामेट' चेतवणारे. दारू पहिल्याचा प्रभाव वाढवते, दुसऱ्याचा दाबते. रोजच्या पिण्याशी मेंदू जुळवून घेतो आणि चेतवणारी बाजू वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की उतारावर गाडीचा ब्रेक निकामी व्हावा तशी मेंदूची गत होते.

शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात कापणे, घाम, मळमळ, धडधड, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांदरम्यान काहींना 'डेलिरियम ट्रेमेन्स' होतो. ताप चढतो, रुग्ण घरच्यांना ओळखत नाही, अंगावर किडे चालल्याचे सांगतो, अंगावर धावून येतो. याला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेण्यात किंवा खोलीत कोंडण्यात मोलाचे तास जातात. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. उपचार न मिळाल्यास मृत्यू ओढवू शकतो. वेळेवर मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी ५.७ कोटींना मदतीची गरज आहे. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. म्हणजे बाकीच्यांचे 'सोडणे' बहुधा घरातच, शपथेच्या भरवशावर चालते. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने एकाएकी बंद झाली, तेव्हा बंगळुरूच्या रुग्णालयांत असे गंभीर रुग्ण वाढल्याची नोंद आहे.

एक गोष्ट हमखास लपवली जाते. पाय मोडून किंवा शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला माणूस लाजेपोटी रोजचे पिणे सांगत नाही आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डात बरळू लागतो. डॉक्टरांना किती, किती वर्षे आणि शेवटची कधी घेतली, हे स्पष्ट सांगा. फार पिणाऱ्यांच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, कमी असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवल्यास मेंदूला इजा होऊ शकते.

जेवणात गुपचूप औषध मिसळण्याचा मार्गही घातक आहे. डायसल्फिराम घेतलेल्याने दारू प्यायली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

मग करायचे काय? सोडण्याचा दिवस डॉक्टरांना विचारून ठरवा. आधी कधी फिट आली असेल, भ्रम झाला असेल किंवा यकृताचा, हृदयाचा आजार असेल तर दाखल होऊनच सोडा. औषधे देऊन मेंदूला काही दिवसांत हळूहळू शांत करता येते. औषधाच्या दुकानातून झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःहून आणू नका. फिट आली किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे.

शरीरातून दारू उतरते ती काही दिवसांत. मनातून उतरायला महिने लागतात. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तांगण'सारख्या केंद्रांचे समुपदेशन तिथे कामी येते. माळ जरूर घाला, शपथही घ्या. त्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी मात्र खिशात असू द्या.