जुना कॉम्प्युटर, हॅम रेडिओवालं गिऱ्हाईक आणि हलका डेस्कटॉप

जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकायचा विचार करताय ना? मग हॅम रेडिओवाल्यांकडे लक्ष द्या. त्यांना झगमगीत मशीन नको, वेळेवर चालणारं हवं.

कारण ऐका. एफटी-8 या डिजिटल पद्धतीत पाळी 15 सेकंदांची. त्यातले 12.64 सेकंद सिग्नल चालतो. उरलेल्या दोन-सव्वादोन सेकंदांत कॉम्प्युटरने तो उलगडायचा आणि ऑपरेटरनं उत्तर ठरवायचं. डेस्कटॉपच रॅम खात बसला तर पाळी हुकली, आणि मशीन तुमच्या दारात परत!

म्हणून 4 जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका. 2 जीबीच असेल तर अँटिएक्स. दिसायला अगदी साधं, पण खातं कमी. डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये डिकोड 'फास्ट'वर ठेवा. घड्याळ इंटरनेटशी जुळवा, एका सेकंदाहून जास्त फरक नको. आणि युजरला 'डायलआउट' ग्रुपमध्ये घालायला विसरू नका, नाहीतर यूएसबी केबल जोडूनही रेडिओ ऐकत नाही.

हार्ड डिस्क जुनी असेल तर एसएसडीचा खर्च कोटेशनमध्येच धरा, नंतर मागायला लाज वाटते! ट्रान्समिटची टेस्ट मात्र परवानाधारक गिऱ्हाइकाकडूनच करून घ्या.