कोऱ्या कागदावरचा बर्फ : फेलिक्स ब्यूओचे 'पॅरिसमधील हिवाळा'

एकरंगी अम्लरेखनात, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रात, बर्फ सहसा रेखाटला जात नाही. काळी शाई जिथे पोहोचत नाही तेथील कोरा कागदच बर्फ ठरतो, आणि म्हणून अशा चित्राचे मर्म काय काढले याइतकेच काय वगळले यात असते. फ्रेंच मुद्राचित्रकार फेलिक्स ब्यूओ (१८४७–१८९८) याचे 'पॅरिसमधील हिवाळा' हे १८७९चे चित्र याचा उत्तम नमुना आहे. त्या वर्षीचा हिवाळा असाधारण कडक होता. १० डिसेंबर रोजी पॅरिसच्या मोंसूरी येथे उणे २३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले.

या तंत्रात तांब्याच्या पत्र्यावर मेण, राळ व डांबर यांचा आम्लरोधक लेप देतात, त्यावर सुईने रेखाटन करून तांबे उघडे पाडतात आणि पत्रा आम्लात ठेवतात. आम्लात अधिक वेळ राहिलेली चर अधिक खोल होते, तिच्यात शाई अधिक मावते आणि रेषा अधिक काळी उमटते. फिकट हव्या असलेल्या रेषा आधीच व्हार्निशने झाकून उरलेला भाग पुन्हा आम्लात सोडला जातो. धुक्यातील दूरची घरे आणि समोरची घोडागाडी यांच्यातील अंतर त्यामुळे हाताच्या दाबावर नव्हे, तर मुख्यतः आम्लातील वेळेवर ठरते.

रेषा आकार बांधते, पण हिवाळ्याची हवा छटेतून येते. दाट, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांनी छटा साधता येते. ॲक्वाटिंटमध्ये मात्र राळेची बारीक पूड तापवून पत्र्यावर चिकटवतात, आम्ल कणांमधील फटी खाते आणि सलग राखाडी पट्टा मिळतो. ड्रायपॉइंटमध्ये सुईने थेट पत्रा ओरखडताना कडेला उठलेली धातूची कोर शाई धरून ठेवते व मखमली काळेपणा देते. ब्यूओने या चित्रात तिन्ही पद्धती एकत्र वापरल्या. अशा चित्रात आकाश जमिनीपेक्षा किंचित गडद ठेवले की तोच कागद खाली अधिक शुभ्र वाटतो, कारण पांढरेपणा हा शेजारच्या छटेवर अवलंबून असतो.

मुख्य दृश्याभोवतीच्या समासांतही ब्यूओने त्याच हिवाळ्याची लहान दृश्ये कोरली. अशा समासांना तो स्वरमेळाचे, म्हणजे सिंफनीचे, समास म्हणत असे. मधल्या चित्रात छटेचे वजन आणि समासात चपळ, सुटी रेषा असा भेद असल्याने पाहणाऱ्याला दोन्हींची कामे शेजारी शेजारी ताडता येतात.

छपाईच्या वेळी पत्रा पुसताना शाईचा पातळ थर मुद्दाम राखला, तर बर्फ मळकट होतो. स्वच्छ पुसला, तर तो लख्ख उजळतो, आणि कागद बदलला की तोही बदलतो. ब्यूओ निरनिराळे कागद व शाया वापरून पाहत असे आणि मनाजोगत्या प्रतींवर लाल घुबडाचा शिक्का उमटवत असे. रेषा पत्र्यात कायम असली तरी छटा दर प्रतीत नव्याने घडते. म्हणूनच अशा चित्राचे मूल्यमापन पत्र्यावरून न करता समोरच्या प्रतीवरून करावे लागते.