हाताची घडी सोडा, मुलांना पळू द्या

आज बोलायचंय ते अंगणवाडीत, बालवाडीत जाणाऱ्या आपल्या चिल्ल्यापिल्ल्यांबद्दल.

मुलाच्या वजनाचा विषय निघाला की आपल्याला काळजी वाटते ती कमी वजनाची. ती खरीच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची शंभरातली ३२ मुलं कमी वजनाची निघाली. पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. उंचीच्या मानाने जास्त वजन असलेली मुलं आधीच्या पाहणीत २.१ टक्के होती, ती ३.४ टक्के झाली. आकडा लहान आहे, पण वाढतोय. आपण मात्र गुबगुबीत मूल पाहिलं की म्हणतो, "छान बाळसं धरलंय!" लहानपणी चढलेलं जादा वजन पुष्कळदा मोठेपणीही उतरत नाही आणि पुढे मधुमेह, रक्तदाब यांना वाट करून देतं.

यात खाण्याचा वाटा आहेच. पाच रुपयांची पाकिटं, बिस्किटं, गोड सरबतं कमी करायलाच हवीत. पण दुसरा वाटा बसून राहण्याचा आहे. घरी मोबाइल हातात दिला की मूल गप्प बसतं. बालवाडीत काय? हाताची घडी, तोंडावर बोट! पोर हललं की आपण ओरडतो. मी स्वतः अंगणवाडीत शिकवते. कितीतरी वर्षं मीही तेच केलं. शांत बसलेला वर्ग म्हणजे चांगला वर्ग, असं मला वाटायचं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी आणि त्यातला एक तास तरी धाप लागेल असा खेळ असावा. पडद्यासमोर एक तासापेक्षा जास्त वेळ नको, कमी असेल तेवढं बरं. झोप दहा ते तेरा तास हवी. तीन तास ऐकून घाबरू नका. ते सलग नकोत. अंगणवाडीला चालत जाणं, पाणी आणणं, नाचणं, सगळं त्यात धरायचं.

अंगणवाडीत काय करता येईल? सकाळी ऊन चढायच्या आधी अर्धा तास बाहेर खेळ घ्या. शिवाशिवी, तळ्यात-मळ्यात, बेडूकउड्या, कापडाचा चेंडू फेकणं. तीन वर्षांच्या मुलाला लंगडी जमत नाही, त्याला दोन्ही पायांनी उडी मारू द्या. "बाद झालास, बाजूला बस" असे खेळ टाळा, कारण ज्याला पळायची जास्त गरज असते तोच आधी बाद होतो. पाऊस असेल तर जमिनीवर खडूने रेघ ओढा, तिच्यावरून तोल सांभाळत चालू द्या. बडबडगीतं उभं राहून, हातवारे करत म्हणा. आकडे शिकवायचेत? पाच उड्या मोजून मारायला लावा.

काही आया म्हणतात, "आमचं पोर आधीच बारीक, पळून आणखी वाळेल." तसं होत नाही. खेळल्याने भूक लागते, हाडं-स्नायू बळकट होतात. मात्र मूल तीव्र कुपोषित किंवा आजारी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मूल जाड असेल तर त्याला उपाशी ठेवू नका, चिडवूही नका. दर महिन्याला वजन-उंची होते तेव्हा ताईंना विचारा, उंचीच्या मानाने वजन ठीक आहे का?

आणि मुलींना फ्रॉक मळेल म्हणून बाजूला बसवू नका. त्यांनाही चड्डी-सदरा घालून पाठवा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा मुलं शाळेत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीच्या नावातच अंगण आहे. ते मुलांना परत द्यायचं एवढंच.

तेव्हा उद्या मूल घरी आलं की "आज काय लिहिलंस?" असं विचारण्याआधी विचारा, "आज काय खेळलास गं-रं बाळा?" येते मी.