डोंगरावरील पाऊस, वने आणि पिके

जिल्ह्याचा भूगोल शिकविताना पर्जन्यमानाचे आकडे मुलांकडून पाठ करून घेण्याचा प्रघात जुना आहे. महाबळेश्वर सुमारे ६,००० मिलिमीटर, पाचगणी सुमारे १,८००, वाई सुमारे ७००. मुले हे घडाघडा म्हणून दाखवितात. परंतु हे आकडे म्हणजे अनेक वर्षांच्या पावसाची सरासरी होय, आणि नेमका तेवढाच पाऊस पडलेले वर्ष शोधू गेल्यास क्वचितच सापडते. झाडांना आणि पिकांना सरासरी ठाऊक नसते. त्यांना पाणी मिळते ते त्या वर्षीचे, त्या पंधरवड्यातले. डोंगराळ मुलखात हा भेद विशेष तीव्रतेने का जाणवतो, हे मुलांना उलगडून सांगण्यासारखे आहे.

नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे अरबी समुद्रावरील बाष्प घेऊन कोकणपट्टी ओलांडतात व सह्याद्रीच्या कड्याला अडून वर चढू लागतात. वर चढणारी हवा थंड होते, आणि थंड हवेत बाष्प मावत नाही. गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तोच हा प्रकार. माथा ओलांडून पूर्वेस उतरणारी हवा पुन्हा उष्ण होते व तिचे बरसणे थांबते. महाबळेश्वर ते वाई हे अंतर घाटरस्त्याने अवघे ३० किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यात पाऊस आठ-नऊ पटींनी उतरतो. सपाट प्रदेशात असा फरक पडण्यास शेकडो किलोमीटर चालावे लागेल. म्हणून वाऱ्याचा जोर एखाद्या वर्षी थोडा कमी झाला, की या उतारावरील कोणत्या गावाला किती पाऊस पोचेल याचा सगळा हिशेब बदलतो. त्याची झळ माथ्यावरील गावापेक्षा उताराच्या मधल्या व खालच्या गावांना अधिक बसते.

वनस्पती या उताराची साक्ष देतात. माथ्यावर जांभूळ, अंजनी, पिसा अशा सदाहरित वृक्षांची रहाटी. त्यांच्या खोडांवर शेवाळ, नेचे आणि आमरी. पाचगणीकडे येता येता पानगळीची झाडे वाढत जातात आणि वाईच्या पलीकडे बाभूळ, बोर, हिवर दिसू लागतात. येथे एक प्रश्न मुलांनी विचारला तर तो शहाणपणाचाच समजावा. महाबळेश्वरला केरळातील कित्येक ठिकाणांपेक्षा अधिक पाऊस पडतो, मग येथील झाडे तेथल्याइतकी उंच का नाहीत? वारा व माती ही कारणे आहेतच. परंतु मोठे कारण असे की, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला कोरडे महिने तीन-चार असतात, तर आपल्याकडे ते सात-आठ असतात. पाऊस कितीही मोठा असला तरी तो चार महिन्यांत पडून कड्यावरून वाहून जातो. नंतरचा काळ झाडाला साठलेल्या ओलाव्यावर काढावा लागतो. सदाहरित वन येथे आपल्या सहनशक्तीच्या सीमेवर उभे आहे, असे म्हटले तरी चालेल. परतीचा पाऊस लवकर आटोपला आणि वळिवाने हुलकावणी दिली, तर कोरडा काळ महिनाभर लांबतो. अशा वर्षी मोठा वृक्ष तगतो, पण झाडाखाली उगवलेले कोवळे रोप वाळते. वणवेही अशाच वर्षी अधिक पेटतात. या हानीचा बोभाटा होत नाही, कारण न वाढलेले रोप कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

कारवीचे उदाहरण याहून वेगळे आहे. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि मरून जाते. जे झाड दरवर्षी फुलते त्याला एक वाईट वर्ष फारसे महागात पडत नाही; जिला एकच संधी आहे तिला ते वर्ष कसे जाते याला फार महत्त्व येते. कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती डोंगरावरील पुष्कळ मुलांनी आपल्या घरीच पाहिलेल्या असतात. तेथूनच धड्यास आरंभ करावा.

जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिम भागात महादेव कोळी समाजाच्या अनेक कुटुंबांचा वर्षाचा रोख पैसा हिरड्यावर अवलंबून असतो. फळ कोवळे असतानाच, उन्हाळ्याच्या अखेरीस, ते गोळा करून वाळवितात. त्यास बाळहिरडा म्हणतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळून आत आले, तेव्हा या भागात हिरड्याची फळे झडली व झाडेही मोडली. हिरडा हे पेरलेले पीक नव्हे. त्यामुळे भरपाईचा प्रश्न सोपा नव्हता आणि तो पुढे काही वर्षे चालत राहिला. पेरलेले शेत बुडाले तर पुढील वर्षी पुन्हा पेरता येते. मोडलेल्या हिरड्याच्या जागी लावलेले रोप फळावर येईपर्यंत शाळेतले मूल मोठे होऊन गेलेले असते.

आता शेतीकडे वळू. घाटमाथ्यावरील भातशेतीचे वेळापत्रक फार नाजूक असते. उन्हाळ्यात पालापाचोळा व शेण पसरून राब भाजावयाचा, मृगाच्या सुमारास त्यात बी टाकावयाचे, आणि रोपे तीन-साडेतीन आठवड्यांची झाली की चिखलणी करून लावणी करावयाची. या साखळीतील कोणतीही कडी निखळली तरी पुढचे सारे अडते. मे २०२५ मध्ये महाराष्ट्रात मोठा अवकाळी पाऊस झाला व २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोचला. इतक्या लवकर तो पूर्वी आल्याची नोंद नाही. पाऊस लवकर आला म्हणजे शेतकऱ्याचे बरे झाले, असे शहरातील माणसास वाटते. पण ओला राब जळत नाही आणि वाफसा नसलेल्या जमिनीत बी नीट रुजत नाही. याच्या उलट, जुलैत पावसाने ताण दिला तर खाचरात चिखलणीपुरते पाणी नसते व रोपे वाफ्यातच जून होतात. अशा रोपांना पुढे कितीही पाऊस मिळाला तरी फुटवे कमीच येतात. हंगामाच्या अखेरीस एकूण पाऊस सरासरीइतका भरतो, कागदावर वर्ष चांगले दिसते, आणि कणगी मात्र अर्धीच भरते.

डोंगरातील शेतकऱ्याने या लहरीपणाशी जुळवून घेण्याचे मार्ग पूर्वीच शोधलेले आहेत. पाणथळ खाचरात गरवे भात, वरच्या उथळ खाचरात हळवे भात, आणि उतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी, अशी वाटणी तो करतो. हळवे भात लवकर तयार होते म्हणून परतीच्या पावसाने दगा दिला तरी ते हाती लागते. नाचणी पावसातील खंड भातापेक्षा पुष्कळ अधिक सोसते. ऑगस्ट २०२३ मध्ये देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट गेला. अशा महिन्यात, जेथे मातीचा थर वीतभरच आहे तेथे ज्याच्याकडे एकच पीक आहे त्याचे सर्वस्व पणास लागते. अलीकडे वरकस जमिनी पुष्कळ ठिकाणी पड राहू लागल्या आहेत व नाचणीचे जुने वाणही कमी होत चालले आहेत. ही गोष्ट केवळ आहाराच्या दृष्टीने नव्हे, तर या कारणानेही चिंतेची आहे.

पावसाची तऱ्हाही पालटत आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे दिसून आले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. हा आकडा किती मोठा, हे अंकगणिताच्या तासाला दाखविता येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा एका गुंठ्यावर एका दिवसात सुमारे ६०,००० लिटर पाणी पडले. एवढे पाणी जमिनीत मुरू शकत नाही. ते माती घेऊन जाते, किंवा माती फुगून उतारच खाली येतो. त्याच पावसात महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. त्यापूर्वी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असेच गाडले गेले होते. झाडांची मुळे वरची माती धरून ठेवतात हे खरे, पण झाडी आहे म्हणून उतार निर्धोक आहे असे समजू नये. खोलवरची माती भिजली की झाडांसकट उतार घसरतो. जमिनीला नवी भेग पडणे, झाडे वा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, ही चिन्हे मुलांना अवश्य सांगावीत, आणि ती दिसल्यास घरी व ग्रामपंचायतीत ताबडतोब कळविण्यास शिकवावे.

उष्णतामानाविषयी थोडेच सांगावयाचे आहे. दर १०० मीटर उंचीस हवा सुमारे ०.६ अंश सेल्सिअसने थंड होते. हिमाचल प्रदेशात सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात पुरेशी थंडी लागते. सखल भागात ती कमी पडू लागल्यावर बागा वर किन्नौरकडे सरकल्या आणि खाली काही ठिकाणी डाळिंबासारखी पिके आली. हिमालयात वर सरकण्यास जागा आहे. सह्याद्रीत महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. माथ्यावरच्या झाडाला याहून वर जावयाचे कोठे?

शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवणे कठीण नाही. सरळ बाजूंचा, तळ व तोंड सारख्या रुंदीचा डबा झाडापासून व छपरापासून दूर, उघड्या जागी घट्ट बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता साठलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून डबा रिकामा करावा. २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस धरतात. आकड्यासमोर शेरा लिहावा: राब भाजला, बी टाकले, लावणी सुरू झाली, भात पोटरीत आले, हिरडा झडला. जुन्या माणसांना विचारून मृग, आर्द्रा, हस्त ही नक्षत्रेही तारखांसमोर मांडावीत, म्हणजे घरच्या भाषेतील हिशेब आणि शाळेतील हिशेब एका वहीत येतील. रविवारी व सुटीत नोंद चुकते असा अनुभव आहे. त्यासाठी शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांवर पाळीपाळीने हे काम सोपवावे, आणि शिक्षकाची बदली झाल्यास वही नव्या शिक्षकाच्या हाती देऊन तशी नोंद कार्यभार-पत्रकात करावी.