उतू गेलेली दीर्घिका

नोव्हेंबरात रात्री ९ च्या सुमारास कर्जत-खालापूरकडच्या एखाद्या मोकळ्या माळावरून दक्षिणेकडे पाहा. मीनास्य हा ठळक तारा दिसेल. त्याच्या डावीकडे, शिल्पकार तारकासमूहात, सुमारे २ लाख ८० हजार प्रकाशवर्षांवर आपल्या आकाशगंगेची एक चिमुकली सोबतीण आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. हार्लो शॅप्ले यांनी १९३८ साली छायाचित्रावरून तिचा शोध जाहीर केला.

तिच्या ताऱ्यांच्या वर्णपटात लोहाच्या रेषा क्षीण आहेत. तेथील लोहाचे प्रमाण सरासरीने सूर्याच्या सुमारे १/५० एवढेच! असे का?

लोह, ऑक्सिजन यांसारखी मूलद्रव्ये ताऱ्यांत आणि त्यांच्या स्फोटांत घडतात व भोवतालच्या वायूत मिसळतात. त्याच वायूतून पुढच्या पिढीचे तारे जन्मतात. पण लहान पातेल्यातले दूध चटकन उतू जाते ना? तसेच येथे झाले. स्फोटांनी तापलेला वायू धरून ठेवण्याइतके गुरुत्वाकर्षण या दीर्घिकेपाशी नव्हते. वायूबरोबर मूलद्रव्येही निसटली. आज तेथे नवे तारे जन्मत नाहीत.

आकाशगंगा मात्र मोठी. तिने पुष्कळसा वायू राखला, पिढ्यान्‌पिढ्या तारे घडवले. तुमच्या रक्तातले लोह ही त्याच साठवणीतली ठेव आहे.