विश्लेषण : ऑनलाइन मागवलेली ‘रानफुलं’ खरंच रानातली असतात का? बिया आणि रोपं ऑर्डर करण्याआधी हे वाचा

पावसाळा सुरू झाला की मोबाइलवर दोन गोष्टी हमखास दिसू लागतात. एक म्हणजे कास पठाराचे फोटो आणि दुसरी म्हणजे ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’च्या बियांची जाहिरात. गेल्या जूनमध्ये मीही असं एक पाकीट मागवलं. पाकिटावर जांभळ्या फुलांनी भरलेलं पठार होतं. दोन महिन्यांनी बाल्कनीत फुलला तो मात्र केशरी कॉसमॉस. फसवणूक म्हणावी, तर पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत नावं छापलेली होती. मीच ती वाचली नव्हती.

बाल्कनीतल्या कुंडीत यानं फारसं बिघडलं नाही. पण हेच पाकीट कुणी गडावर किंवा टेकडीवर उधळलं, तर बिघडू शकतं. म्हणून ऑर्डर करण्याआधी काही गोष्टी समजून घेऊ.

‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’मध्ये नेमकं काय असतं?

ही फुलं कुठल्या तरी रानातली असतात, पण ते रान बहुतेक वेळा आपलं नसतं. कॉसमॉस आणि झिनिया मूळचे मेक्सिकोकडचे. गेलार्डिया अमेरिका खंडातलं, कॅलिफोर्निया पॉपी नावाप्रमाणे कॅलिफोर्नियातलं आणि कॉर्नफ्लॉवर युरोपातलं.

यामुळे एक व्यावहारिक अडचण येते. कॉसमॉस आणि झिनिया आपल्या पावसाळ्यात सहज उगवतात. पॉपी आणि कॉर्नफ्लॉवरला थंडी लागते, त्यामुळे त्यांचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकायला हवं. सगळं पाकीट जूनमध्ये एकदम पेरलं, तर निम्म्या बिया वाया जातात आणि कॉसमॉस तेवढा माजतो.

मग कासची फुलं पाकिटात का मिळत नाहीत?

साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवरचं कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथं खडकावर मातीचा अगदी पातळ थर असतो. पावसाळ्यात तो पाण्यानं थबथबतो आणि उन्हाळ्यात पार कोरडा पडतो. तिथल्या वनस्पती याच टोकाच्या परिस्थितीत वाढलेल्या आहेत.

‘सीतेची आसवं’ हे इवलंसं जांभळं फूल घ्या. ही वनस्पती कीटकभक्षी आहे. ओल्या मातीतले सूक्ष्म जीव ती बारीक पिशव्यांमध्ये पकडते. टोपली कारवी तर साधारण सात वर्षांनी एकदाच मोठ्या प्रमाणावर फुलते. खतमाती भरलेल्या कुंडीत ही परिस्थिती तयार करता येत नाही. त्यामुळे कुणी ‘कासच्या फुलांचं बी’ म्हणून विकत असेल, तर दोनच शक्यता उरतात. ते बी दुसऱ्याच फुलाचं असेल किंवा पठारावरून ओरबाडून आणलेलं असेल.

शोभेचं फूल डोंगरावर गेलं तर काय बिघडतं?

याचं उत्तर आपल्या आजूबाजूलाच आहे. आज जंगलं व्यापणारी घाणेरी एकोणिसाव्या शतकात शोभेचं झुडूप म्हणूनच भारतात आली. नद्या आणि तलाव झाकून टाकणारी जलपर्णीही तिच्या सुंदर फुलांमुळेच जगभर पोहोचली. केशरी-पिवळा कॉसमॉस पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला पसरलेला दिसतो. फोटोत तो छान दिसतो, पण तो जिथं दाट वाढतो, तिथं सोनकी, कवळा, तेरडा अशा स्थानिक फुलांची जागा जाते.

पावसाळी ट्रेकला जाताना ‘सीड बॉल’ किंवा बियांची पाकिटं उधळणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण जे पठार आपल्याला उजाड दिसतं, ते बहुतेक वेळा उजाड नसतं. त्याच्या मातीत स्थानिक बिया पावसाची वाट पाहत असतात. म्हणून मागवलेलं बी कुंडीतच लावा आणि कॉसमॉसची फुलं सुकली की बी धरण्याआधी खुडून टाका.

बियांचं पाकीट घेताना काय पाहाल?

• वनस्पतींची नावं : फक्त ‘मिक्स’ न लिहिता प्रत्येक फुलाचं नाव दिलेलं हवं. शास्त्रीय नाव असेल तर उत्तम.

• उगवण क्षमता, चाचणीची तारीख आणि वैधता : वेबसाइटवर नसेल तर विक्रेत्याला विचारा. जुनं बी स्वस्तात मिळतं, पण उगवत नाही.

• अशक्य रंग : निळ्या गुलाबाचं किंवा सप्तरंगी गुलाबाचं बी मिळत नाही. गुलाबात तो निळा रंग तयारच होत नाही. शिवाय नर्सरीतले गुलाब कलम करून वाढवतात, बियांपासून नाही.

• घरची चाचणी : ओल्या टिश्यू पेपरवर १० बिया ठेवून तो डब्यात झाकून ठेवा. त्यातल्या ७ उगवल्या, तर उगवण साधारण ७० टक्के. सगळं पाकीट पेरण्याआधीच अंदाज येतो.

जिवंत रोप कुरियरने मागवायचं असेल तर?

रोपासाठी सगळ्यात कठीण असतात ते खोक्यातले तीन-चार दिवस. अंधार, उकाडा आणि आदळआपट हे सगळं त्याला सोसावं लागतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये रोप मागवणं टाळा आणि जवळच्या नर्सरीला प्राधान्य द्या.

खोकं उघडताना व्हिडिओ काढा. रोप आलं की लगेच कुंडी बदलू नका आणि थेट उन्हातही ठेवू नका. आठ-दहा दिवस सावलीत, इतर झाडांपासून लांब ठेवा. पानांच्या मागे पिठ्या ढेकूण आहे का तेही पाहा. काही पानं पिवळी पडली तर घाबरू नका. खोड नखानं हलकंसं खरवडा. आत हिरवं दिसलं तर रोप जिवंत आहे.

दुर्मीळ रोपांबाबत जास्त काळजी घ्या. ब्लू व्हँडा, लेडीज स्लिपर ऑर्किड, मेघालयातली घटपर्णी अशा वनस्पतींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ‘जंगलातून आणलेलं अस्सल रोप’ ही जाहिरात पाहून भुलू नका, उलट सावध व्हा.

परदेशातून बी मागवता येतं का?

‘प्लांट क्वारंटाइन’ आदेश, २००३ नुसार बियांसाठी आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. साध्या पाकिटातून आलेलं बी त्यात बसत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत हजारो लोकांना न मागवलेल्या बियांची पाकिटं आली, तेव्हा भारताच्या कृषी मंत्रालयानंही राज्यांना सावध केलं होतं. कारण बीबरोबर रोग आणि तण दोन्ही येऊ शकतात. असं पाकीट आलं तर ते पेरू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. कृषी विभागाला कळवा.

रोप मेलेलं आलं तर दाद कुठे मागायची?

‘जिवंत वस्तू परत घेत नाही’ असं लिहिलेलं असलं, तरी सगळे मार्ग बंद होत नाहीत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याची माहिती आणि परतावा धोरण दाखवणं बंधनकारक आहे. तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. तसं झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. खोकं उघडतानाचा व्हिडिओ तिथं कामी येतो.

आपलं रानफूल लावायचंय, तर काय लावाल?

सगळ्यात सोपा तेरडा. पावसाच्या सुरुवातीला बी टाकलं की गौरी-गणपतीपर्यंत फुलं येतात. दुकानात ‘बाल्सम’ म्हणून मिळणारी गुलाबासारखी भरगच्च फुलं ही याच तेरड्याची बागेतली रूपं. साधा, एकेरी पाकळ्यांचा तेरडा हवा असेल, तर गावाकडच्या अंगणातून बी मागवा. पठारावरून मात्र आणू नका. कळलावीही देखणी आहे, पण तिचा कंद अत्यंत विषारी असतो. घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर ती टाळा.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. पण त्याची पक्व शेंग बोट लागताच फुटते आणि बी कुंडीभर उडतं. थोडं कागदी लिफाफ्यात भरून ठेवलं, तर पुढच्या जूनमध्ये ऑर्डर करावीच लागणार नाही.